पिवळं उतरतं तेव्हा

निझवा. बाहेर सेहेचाळीस, शीतखोलीत चार.
स्वेटर घालून बघत बसले आहे
काचेच्या नळीतून खाली सरकणारा पिवळा पट्टा.
झुवैना विचारते, एवढं काय त्यात?
सांगते, हा आपला विकर.
ह्याच्या पोटात हळदीच्या रंगाचं काहीतरी असतं,
म्हणून दिसतो तरी.
मेदाम्ल दिलं की त्याचे दोन हायड्रोजन काढून घेतो
आणि स्वतः पांढरा पडतो.
रंग गेला म्हणजे कामाला लागला.

सोळा कर्बांची साखळी,
दोन-दोन करत मोडायची.
सात वेळा मोड, आठ तुकडे.
राजापूरला आई गवार अशीच मोडायची,
न बघता, रेडिओवरच्या बातम्या ऐकत,
शिरा निघाल्या तर बाजूला
आणि तुकडा कधी लहानमोठा नाही.
प्रबंधात हे लिहिलं नाही.
सरांनी खोडलंच असतं.

इथे फलजचं पाणी पाळीने सुटतं.
खल्फान दिवसा काठीची सावली बघतो,
रात्री तारे,
आणि ठरवतो कुणाच्या खजुरांना किती असर पाणी.
एक असर म्हणजे अर्धा तास.
उपाशी शरीराचंही तसंच असतं, मी त्याला म्हटलं होतं एकदा.
आधी जेवणातल्या साखरेची पाळी,
मग यकृतात ठेवलेली,
आणि रात्र फार झाली की चरबीचं दार उघडायचं.

त्याच्या नातवाचं ते दार उघडलं नाही.
आठ महिन्यांचा. ईदला बहलाला नेलेला, मामाकडे.
त्या रात्री एकदाही रडला नाही,
कुणाला उठवलं नाही,
म्हणून सगळे खूश होते.
फजरपर्यंत.

मग एक डबी आली माझ्याकडे, बर्फातली.
जनुकात एकच अक्षर चुकलेलं.
तेच अक्षर तसंच चुकवून
जीवाणूंकडून विकर करून घेतला.
बारा वेळा.
नळीतून उतरला, पण बिनरंगाचा.
त्याला ती हळद धरूनच ठेवता येत नव्हती.
आणि हे मला कुणी शिकवलं नव्हतं,
की राबून पांढरा पडलेला
आणि कधी पिवळा झालाच नाही तो,
दोन्ही शेजारी ठेवले
तर डोळ्याला सारखेच दिसतात.
फरक यंत्राला कळतो.
मी यंत्राकडे बराच वेळ बघितलं नाही.

ह्या रमजानात नात झाली, शम्सा.
टाचेतलं रक्त, पाच थेंब, चार थेंबांतच कळलं.
खल्फान आला. टोपी काढून मांडीवर ठेवली.
"आम्ही सगळे दिवसभर उपाशी राहतो, डॉक्टर,
ही एक रात्रसुद्धा नाही?"
एक रात्रसुद्धा नाही.
"किती वेळाने द्यायचं?"
दर तीन तासांनी. झोपली असली तरी उठवून.
तो बोटांवर मोजत राहिला.
"म्हणजे सहा असर,"
आणि पहिल्यांदाच जरा सैल बसला,
ओळखीच्या गावचा कुणी भेटावा तसा.
झुवैनाने त्याच्या हातात खजूर ठेवला,
अजून बांग व्हायची होती.
त्याने तो खिशात टाकला.

शोधनिबंधात एक ओळ जाईल:
बदललेल्या विकरात क्रियाशीलता आढळली नाही.
बरोबर आहे ती.

रात्री अडीचला हल्ली माझीही झोप मोडते.
एसी खडखडून सुरू होतो.
गच्चीवर जाऊन बघते, कोणता तारा कुठे आला
ते मला येत नाही.
दोन गल्ल्या सोडून एका खिडकीत दिवा लागलेला.
तिथे बाटलीत एक तेल मिसळत असतील,
मधल्या लांबीच्या साखळीचं,
जे त्या अडलेल्या दाराशी जातच नाही,
दुसरीकडून आत शिरतं.
खोबरेलातूनच काढतात ते.
आम्ही डोक्याला चोपडायचो,
रविवारी, आणि नाकं मुरडायचो वासाने.